सांगाडा ठेवला, जीव टाकला

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ईजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. लिहिणाऱ्याचे नाव हरवले, लेखन उरले. ‘पेरिप्लस’ या नावाने इतिहासाचे अभ्यासक त्याला ओळखतात. भडोचच्या बंदरात परदेशातून काय उतरते याची यादी त्यात आहे. दारू, तांबे, कथील, शिसे आणि त्यांच्या पाठोपाठ पोवळे. थोडे पुढे गेले की देशावरच्या दोन बाजारपेठा येतात. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तेरहून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून बंदराकडे जात असे.

म्हणजे मराठवाड्याच्या इतिहासात पोवळ्याचा शिरकाव दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो सातवाहनांच्या काळातला आहे. पैठणच्या पूर्वेला, कयाधू, पूर्णा आणि पैनगंगेच्या खोऱ्यांत आजचा हिंगोली जिल्हा पसरला आहे. १ मे १९९९ रोजी तो परभणीपासून वेगळा झाला. समुद्र इथून चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. जमिनीखाली लाव्हारसाचा काळा कातळ आणि वर काळी माती. तरीही मंगळ कडक म्हणून पोवळ्याची अंगठी सांगणारा जोशी या मुलखाला नवा नाही आणि अम्लपित्तावर प्रवाळपिष्टीची पुडी देणारा वैद्यही नवा नाही. समुद्र आयुष्यात न पाहिलेल्या माणसाच्या बोटात समुद्रातल्या प्राण्याचे हाड असते. ते तिथवर कसे आले, आणि त्या प्राण्याजवळ देण्यासारखे आणखी काय होते, याची हकिगत मोठी आहे.

रोमन लेखक प्लिनी याच शतकातला. त्याने एक मोलाची नोंद केली आहे. रोमन बायकांना भारतातले मोती जितके प्रिय, तितकेच भारतीयांना पोवळे प्रिय, असे तो सांगतो. भारतातले ज्योतिषी आणि ज्ञानी लोक संकटनिवारणासाठी ते अंगावर धारण करतात. पूर्वी गॉल लोक आपल्या तलवारी, ढाली आणि शिरस्त्राणे पोवळ्याने सजवत. पण भारतातल्या मागणीमुळे ते आता त्याच्या मूळ देशातही क्वचितच दिसते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या वाक्यात एका सागरी जिवाच्या अतिवापराची पहिली तक्रार आहे, आणि त्या तक्रारीत आपले नाव आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोषात ठेवण्याच्या रत्नांमध्ये प्रवाळ आहे. ‘आलकन्दक’ ही त्याची एक जात. हा उल्लेख ईजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया बंदराचा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे रसशास्त्राच्या ग्रंथांनी प्रवाळाची परीक्षा बारकाईने सांगितली. रसरत्नसमुच्चयात चांगल्या पोवळ्याची सात लक्षणे आहेत. पिकल्या तोंडल्यासारखा लाल रंग हवा. आकार गोल, लांब आणि सरळ हवा. ते गुळगुळीत, बिनछिद्राचे आणि जाड हवे.

औषध करण्याच्या दोन रीती. पोवळे खलात गुलाबजल घालून दिवसेंदिवस घोटले की पिष्टी होते. त्याला अग्नी लागत नाही. गजपुटात भाजले की भस्म होते. पिष्टी गुलाबीसर राहते, भस्म पांढरे पडते. या फरकातच पोवळ्याचे सारे रसायन आहे. भूमध्य समुद्रातल्या लाल पोवळ्याचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीच्या जातीचा असतो. त्यात थोडे मॅग्नेशियम मिसळलेले असते. लिंबाचा रस टाकला की खऱ्या पोवळ्यावर बारीक बुडबुडे येतात, काचेवर येत नाहीत. कॅल्शियम कार्बोनेट आम्ल मारते, म्हणून वैद्यांचा अम्लपित्ताचा अनुभव रसायनाच्या हिशेबाशी जुळतो. लाल रंग मात्र सांगाड्यात अडकलेल्या सेंद्रिय द्रव्याचा असतो, आणि ते आगीत जळून जाते. जिवाने बनवलेला नाजूक भाग आधी जातो आणि दगड मागे राहतो. पोवळ्याच्या बाबतीत जगभर दोन हजार वर्षे हेच घडत आले.

सतराव्या-अठराव्या शतकांत हा व्यापार ऐन भरात होता, आणि त्यात आपल्या माणसांचा वाटा मोठा होता. भूमध्य समुद्रात सार्डिनिया, कॉर्सिका, सिसिली आणि ट्युनिसच्या किनाऱ्यालगत पोवळे निघे. ट्युनिशियाच्या किनाऱ्याजवळच्या तबार्का बेटावर जिनोव्हाच्या लोमेल्लिनी घराण्याने सोळाव्या शतकाच्या मध्यापासून १७४१ पर्यंत पोवळ्याची मक्तेदारी सांभाळली. काढण्याची रीत रानटी होती. लाकडी फुलीला जाळी बांधून ती खडकांवरून फरफटत न्यायची. पोवळ्याबरोबर त्या खडकावरचे बाकी सारे जीवनही ओरबाडून निघे. युरोपने ही रीत १९९४ मध्ये बंद केली.

काढलेला माल इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात येई. तिथे कारागीर तो कापत, घासत, भोके पाडत, मण्यांची आकारवार प्रतवारी लावत आणि माळा ओवत. लिव्होर्नोतल्या ‘एर्गास आणि सिल्वेरा’ या ज्यू पेढीचा (१७०४ ते १७४६) पत्रव्यवहार फ्रान्चेस्का त्रिव्हेल्लातो या इतिहासकार बाईंनी अभ्यासला आणि २००९ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातून जे चित्र उभे राहते ते कोकण-गोव्याच्या वाचकाने मुद्दाम पाहावे असे आहे. ही पेढी पोवळी लिस्बनला पाठवी. वसंतात निघालेले पोर्तुगीज जहाज आफ्रिकेला वळसा घालून पावसाळा सरता सरता गोव्याला लागे. तिथे माल उतरवून घेत सारस्वत व्यापारी, त्यांत विशेषकरून कामत घराण्यातली मंडळी. पोवळी देशावर विकली जात. मोबदल्यात दख्खनच्या खाणींतले हिरे परतीच्या जहाजाने युरोपात जात.

आता या व्यवहाराची अवघड बाजू पाहा. लिव्होर्नोचा ज्यू आणि गोव्याचा हिंदू, दोघांनी एकमेकांचे तोंड कधी पाहिले नव्हते. दोघांचा धर्म वेगळा, भाषा वेगळी. पत्रे लिहायची ती तिसऱ्याच, पोर्तुगीज भाषेत. एका पत्राचे उत्तर यायला वर्ष लोटे. दगा झाला तर दाद मागायला दोघांना समान असे न्यायालय नव्हते. वर लिस्बन आणि गोवा या दोन्ही ठिकाणी धर्मसमीक्षणाचे (इन्क्विझिशनचे) न्यायपीठ बसलेले होते, ज्याच्या दृष्टीने ज्यूही संशयित आणि हिंदूही संशयित. गोव्यातले हे न्यायपीठ १५६० मध्ये सुरू झाले आणि मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत चालले. त्यातच १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि मराठी फौजा साष्टीत उतरून मडगावपर्यंत गेल्या. अशा काळात हा व्यापार पत्रांच्या भरवशावर, दिल्या शब्दाच्या भरवशावर चालला. आपल्या आर्थिक इतिहासात या प्रकरणाला एक स्वतंत्र धडा मिळायला हवा.

देशावरची वाटही ठाऊक आहे. सुरतेहून गोवळकोंड्याला जाणारे सतराव्या शतकातले फ्रेंच प्रवासी औरंगाबादहून नांदेडच्या बाजूने जात. रत्नांचा व्यापारी ताव्हर्निये हा त्यांतलाच. हिंगोली जिल्ह्यातले आजचे वसमत त्या वाटेपासून फार लांब नाही. ताव्हर्नियेने आपल्या प्रवासवृत्तात पोवळ्यावर स्वतंत्र मजकूर लिहिला आहे. युरोपात पोवळ्याला रत्न मानत नाहीत, पण इतरत्र त्याला मोठा मान आहे आणि मोगल मुलखातली साधी माणसेही ते गळ्यात-दंडात घालतात, असे तो सांगतो.

इतका पैसा, इतकी जहाजे, इतका विश्वास ज्या वस्तूभोवती फिरत होता, ती वस्तू मुळात आहे काय, हे त्यांतल्या कोणालाच माहीत नव्हते. कोणी तिला दगड म्हणे, कोणी झाड. १७०६ मध्ये मार्सिलिई या इटालियन सरदाराने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ताजे पोवळे समुद्राच्या पाण्यात ठेवले, तेव्हा त्याच्या फांदीवर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमलली. झाले, पोवळे झाड ठरले. साऱ्या युरोपात त्याच्या फुलांचा गाजावाजा झाला. पुढे मार्सेयचा तरुण वैद्य झाँ-आंद्रे पेसोनेल याने तीच फुले पुन्हा पाहिली, आधी घरच्या किनाऱ्यावर आणि मग १७२४-२५ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. हात लावला की ती आकसतात. आम्ल टाकले की आकसतात. मेली की मासळीसारखी कुजतात. ती फुले नसून प्राणी आहेत, आणि तांबडा दगड त्यांनीच बांधलेले घर आहे, असा निष्कर्ष त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवला. रेओमूर या तेव्हाच्या थोर शास्त्रज्ञाने १७२७ मध्ये हे मत खोडून काढले. खोडताना पेसोनेलचे नावही घेतले नाही, कारण अशा मताशी त्याचे नाव जोडणे म्हणजे त्याची बदनामी होईल असे त्याला वाटले. पेसोनेल पुढे वेस्ट इंडीजमध्ये ग्वादलूपला गेला. १७४० च्या दशकात जलव्यालावरचे (हायड्रावरचे) प्रयोग झाले, तेव्हा कुठे विद्वानांचे मत वळले. पेसोनेलचा प्रबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला तोवर १७५० चे दशक उजाडले होते.

पेसोनेलच्या शोधाचा अर्थ फार खोल होता. पोवळ्याचे मोल ज्या तांबड्या काडीत सगळे पाहत होते तो सांगाडा होता. त्यावरची मऊ साल, जी कारागीर पहिल्या धुण्यात खरवडून फेकत, तो खरा जीव होता.

तांबड्या रंगाची गोष्ट सांगताना हिंगोलीकडे वळावेच लागते, कारण या जिल्ह्याचे वैभव रंगाचेच आहे. वसमतची हळद देशभर जाते. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीचे पिवळे द्रव्य फोगेल आणि पेल्तिए यांनी १८१५ मध्ये वेगळे केले. त्याची रेणुरचना १९१० मध्ये उलगडली. दोन कड्यांना जोडणारी सात कार्बनांची साखळी, तिच्यात एकाआड एक दुहेरी बंध. हीच साखळी निळा प्रकाश गिळते आणि डोळ्याला पिवळे दिसते. हळदीला चुना लागला की ती लाल होते, आणि घरोघरचे कुंकू परंपरेने असेच बनत आले. पोवळ्याच्या तांबडेपणामागेही एकाआड एक दुहेरी बंधांचीच साखळी आहे, फक्त बरीच लांब. मात्र ती सिद्ध व्हायला हळदीनंतर जवळजवळ शंभर वर्षे लागली. मार्सेयजवळच्या लाल पोवळ्यातले रंगद्रव्य कँथाझँथिन हे कॅरोटिनॉइड असल्याचे २००७ मध्ये दाखवण्यात आले. काही अळिंब्यांमध्येही तेच असते. ज्या वस्तूसाठी दोन हजार वर्षे जहाजे फिरली, तिच्या रंगाचे नाव एकविसाव्या शतकात कळले. दगडाकडे पाहण्याची सवय लागली की जिवाकडे लक्ष जात नाही, ते हे असे.

त्या जिवाकडे रसायनशास्त्राचे लक्ष वळले ते विसाव्या शतकाच्या मध्यावर, आणि तेही पोवळ्यापासून नाही, एका साध्या स्पंजापासून. येल विद्यापीठातले वेर्नर बेर्गमान यांनी फ्लोरिडाच्या उथळ पाण्यातून एक स्पंज आणला. त्यातून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९५१ च्या सुमारास काही न्यूक्लिओसाइड वेगळी केली. आपल्या पेशीतल्या डीएनएच्या घटकांसारखीच, पण एक फरक. पेशीत जिथे रायबोजच्या जातीची साखर असते तिथे या स्पंजाने ॲराबिनोज वापरली होती. अशी जोडणी सजीवात कोणी पाहिली नव्हती. त्या नमुन्यावरून रसायनज्ञांनी १९५९ मध्ये सायटाराबिन हे द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. झपाट्याने वाढणारी कर्करोगाची पेशी डीएनएची नवी प्रत बांधताना हे द्रव्य खरे समजून उचलते. पण ही वीट अशी कच्ची की तिच्यावर पुढची वीट बसत नाही, आणि बांधकाम थांबते. १९६९ मध्ये अमेरिकेत सायटाराबिनला मान्यता मिळाली. तीव्र रक्तकर्करोगाच्या एका मुख्य प्रकारात आजही उपचाराची सुरुवात ज्या औषधांनी होते त्यांत ते आहे. गावाकडून टाटा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात गेलेल्या रुग्णाच्या शिरेत जेव्हा हे औषध थेंबाथेंबाने उतरते, तेव्हा त्यामागे समुद्रतळाच्या एका निश्चल प्राण्याने दिलेली कल्पना असते.

त्याच १९६९ साली प्रवाळांची पाळी आली. ओक्लाहोमा विद्यापीठातल्या वाइनहाइमर आणि स्प्रॅगिन्स यांनी कॅरिबियन समुद्रातल्या ‘प्लेक्झॉरा होमोमाला’ या समुद्रपंख्याच्या सालीत प्रोस्टाग्लँडिन सापडल्याचे जाहीर केले. मानवी शरीरात प्रोस्टाग्लँडिने लेशमात्र असतात. ताप, सूज, प्रसूतीच्या कळा यांत त्यांचे काम असते, आणि तेव्हा ती मिळवणे अतिशय महाग होते. या समुद्रपंख्याच्या वाळवलेल्या सालीत त्यांचे प्रमाण दीड-दोन टक्के होते! औषध कंपन्यांची धावपळ सुरू झाली. समुद्रपंखे किती कापता येतील, कापल्यावर किती वर्षांत वाढतात, याचा अभ्यास केमन बेटांजवळ झाला. तबार्काच्या जाळ्यांची नवी आवृत्ती निघते की काय अशी वेळ आली होती. वाचवले ते रसायनज्ञांनीच. हार्वर्डच्या ई. जे. कोरी यांनी त्याच साली प्रोस्टाग्लँडिन प्रयोगशाळेत बनवण्याचा मार्ग प्रसिद्ध केला, कृत्रिम पद्धती स्वस्त झाल्या आणि समुद्रपंख्यांवरची नजर हटली.

हे प्राणी अशी जालीम द्रव्ये बनवतात तरी कशाला? प्रवाळ, स्पंज, समुद्रपंखा यांना पळता येत नाही. दात नाहीत, नख्या नाहीत. बऱ्याच जणांना कवचही नाही. त्याच खडकावर जागेसाठी शेजाऱ्याशी भांडण आहे, वरून चरणारे मासे आहेत, पाण्यात कोट्यवधी जंतू आहेत. अशा जिवाचे हत्यार एकच, रसायन. प्लेक्झॉराची साल खाल्लेला मासा ती ओकून टाकतो आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. हवाईमधल्या एका प्रवाळासारख्या जिवातून १९७१ मध्ये वेगळे केलेले पॅलिटॉक्सिन हे ठाऊक असलेल्या सर्वांत प्रखर विषांपैकी एक आहे. शंकूच्या आकाराच्या शंखातली गोगलगाय विषारी काट्याने मासा मारते. तिच्या विषातल्या एका पेप्टाइडच्या नमुन्यावरून बनवलेले झिकोनोटाइड हे तीव्र वेदनांवरचे औषध २००४ मध्ये मान्य झाले. ट्युनिकेट नावाच्या पिशवीसारख्या प्राण्यातून ट्राबेक्टेडिन आले, आणि जपानी स्पंजातल्या हॅलिकाँड्रिनवरून स्तनाच्या कर्करोगावरचे एरिब्युलिन आले. त्यांना अनुक्रमे २००७ मध्ये युरोपात आणि २०१० मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. हॅलिकाँड्रिनचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवावा असा आहे. न्यूझीलंडच्या समुद्रातून एक टन स्पंज काढला तेव्हा सुमारे ३०० मिलिग्रॅम द्रव्य हाती आले. समुद्र उपसून रुग्णांची गरज भागणे शक्यच नव्हते. आजचे एरिब्युलिन पूर्णपणे प्रयोगशाळेत, साठाहून अधिक पायऱ्यांनी बनते. जिवाकडून लागतो तो नमुना आणि विचार.

मात्र नमुना देणारा जीव समुद्रात जिवंत असावा लागतो. ट्राबेक्टेडिन खरे तर त्या ट्युनिकेटच्या अंगात राहणारे जंतू बनवतात, हे बऱ्याच काळाने समजले. मृदू प्रवाळांमधली टर्पीन जातीची द्रव्येही अशीच पाहुण्या जंतूंची असतील असा तर्क होता. २०२२ मध्ये दोन संशोधकगटांनी दाखवले की त्यांची जनुके प्रवाळाच्या स्वतःच्या जनुकसंचात आहेत. असले प्रश्न वाळलेल्या फांदीला विचारता येत नाहीत.

भारतात या विद्येचे घर गोव्यात आहे. १९६० ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली आणि तिच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. डॉ. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक. दोना पावलाच्या टेकडीवरच्या या संस्थेतल्या रसायनज्ञांनी १९८० च्या सुमारास लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेबरोबर भारतीय किनाऱ्यावरच्या सागरी वनस्पती आणि जिवांचे अर्क तपासायला घेतले. किनाऱ्यावरून नमुना आणायचा, मद्यार्कात भिजवायचा, अर्क आटवायचा, तो जंतूंवर, विषाणूंवर, उंदरांवर पाहायचा, आणि काही गुण दिसला तरच आतले द्रव्य शोधायचे. चिकाटीचे काम. शेकडो नमुन्यांतला एखादाच पुढे जातो. पूर्व किनाऱ्यावर याहून लखलखीत यश आले. विशाखापट्टणमच्या समुद्रातल्या झोअँथस या प्रवाळाच्या नातलगातून आंध्र विद्यापीठातल्या रसायनज्ञांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह झोअँथामिन हे अगदी नव्या घडणीचे अल्कलॉइड शोधले. १९८४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याच कुळातल्या नॉरझोअँथामिनकडे पुढे हाडांच्या ठिसूळपणावरचा संभाव्य उपाय म्हणून जगाचे लक्ष गेले.

आपल्या कोकणात जिवंत प्रवाळ आहे, हेही शास्त्राच्या दप्तरात उशिरा आले. गोव्याच्या संस्थेचे तेव्हाचे संचालक डॉ. एस. झेड. कासिम आणि डॉ. एम. व्ही. एम. वफर यांनी १९७९ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद प्रसिद्ध केली, आणि त्यांत मालवणचा किनाराही आहे. १९८७ मध्ये मालवणच्या समुद्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याच्या गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा परिसर येतो. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरवर, भर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक हा पाण्याखालचा पठारी उंचवटा आहे. त्याचा माथा पृष्ठभागापासून वीस-बावीस मीटरवर आहे आणि त्यावर प्रवाळांची मोठी वस्ती आहे. २०१९ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांनी तिची पाहणी केली. गोव्याच्या पेढ्या भूमध्य समुद्राचे पोवळे जहाजाने मागवत होत्या, तेव्हाही ही वस्ती इथेच होती. तिच्यात दागिन्याचे लाल पोवळे नाही, म्हणून व्यापाऱ्याला ती कधी दिसली नाही. तिचे खरे धन, म्हणजे सालीतली रसायने, अजून बहुतांशी न तपासलेले आहे.

हे धन कोणाच्या मालकीचे ठरेल, याचा धडा आपल्याला हळदीने दिला आहे. जखमेवर हळद लावण्याच्या उपायाला १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवले. हिंगोलीच्या शेतकऱ्याच्या शेतातल्या हळकुंडासाठी ती लढाई जिंकता आली, कारण हळदीचे ज्ञान ग्रंथांत लिहिलेले होते. मालवणच्या खडकावरच्या मृदू प्रवाळाबद्दल असा कोणताही ग्रंथ नाही. ते ज्ञान आपल्याच प्रयोगशाळांनी मिळवायचे आहे, आणि त्यासाठी तो खडक जिवंत राहायला हवा. समुद्राचे पाणी तापले की प्रवाळ पांढरे पडतात. मालवणला हे घडल्याचे गोव्याच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी गेल्या दशकात नोंदवले आहे.

तापमान एकट्या माणसाच्या हाती नाही. बाजार मात्र आहे. अंगठीतल्या लाल पोवळ्याची काडी वर्षाला अर्धा मिलिमीटरही जाड होत नाही. सेंटिमीटरभर जाडीला तीस वर्षांच्या आसपास लागतात, आणि बाजारात पोवळे म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात रंगवलेले दुसरे प्रवाळ आणि काच भरपूर असते. त्याहून वाईट प्रकार ‘इंद्रजाल’ नावाने चालतो. काळी, जाळीदार, वाळलेली फांदी चौकटीत बसवून घरात भरभराट यावी म्हणून विकतात. पूजेच्या साहित्यात ती मिळते, मोबाइलवर मागवता येते, आणि समुद्रापासून लांबच्या गावांत तिला समुद्री वनस्पती समजून लोक श्रद्धेने घेतात. ती वनस्पती नाही. ती समुद्रपंख्याचा किंवा काळ्या प्रवाळाचा सांगाडा आहे, म्हणजे ज्या कुळातून १९६९ मध्ये प्रोस्टाग्लँडिन मिळाले त्याच कुळातल्या किंवा त्याच्या नात्यातल्या मेलेल्या जिवाचा. २००१ मध्ये केंद्र सरकारने सर्व समुद्रपंखे, काळी प्रवाळे आणि खडक बांधणारी सर्व प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातली. वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना आहे. इंद्रजाल विकणे, विकत घेणे, जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. त्याला तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. कोणी जत्रेत, दुकानात किंवा मोबाइलवर ते दाखवले तर घेऊ नका, आणि जवळच्या वनविभागाच्या कार्यालयाला कळवा.